ढालीची शर्यत

आमची मुलगी काय करते, या प्रश्नाचं खरं उत्तर एका वाक्यात देता येतं. जुन्या ग्रीसमधले लोक शर्यतीत कसे धावायचे, याचा ती अभ्यास करते. वाक्य लांब नाही, अवघड नाही, त्यात लपवण्यासारखंही काही नाही. पण अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरी गावात कुठल्याही मराठी घरी, पॉटलकला प्रत्येकाने आणलेल्या पदार्थांच्या टेबलापाशी कागदी प्लेट हातात धरून हे वाक्य म्हटलं, की एक शांतता पसरते. फार मोठी नाही, समोरच्याला 'अरे वा' सुचेपर्यंतची. तेवढ्या वेळात तो आपल्या प्लेटमधल्या ढोकळ्याकडे बघतो, आपणही त्याच्याच ढोकळ्याकडे बघतो, आणि मग तो विचारतो, "म्हणजे पुढे काय?"

मला ही शांतता चालायची. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. मी बोलायला लागले की मीटिंगमधले लोक गप्प होतात, याची मला वर्षानुवर्षांची सवय. माझ्या नवऱ्याला मात्र ती सोसायची नाही. तो पुण्याचा, स्वभावाने सरळ. खोटं बोलण्याचा त्याला अजिबात सराव नव्हता, आणि म्हणूनच जेव्हा बोलला तेव्हा छोट्यापासून सुरुवात करण्याचं त्याला सुचलं नाही.

मुलगी कॉलेजात गेली ती कॉम्प्युटर सायन्स शिकायला. दुसऱ्या वर्षी, एक विषय बाहेरचा घ्यावाच लागतो म्हणून, तिने जुन्या जगातल्या खेळांवरचा वर्ग घेतला. तो सकाळी उशिरा असायचा, हे तिचं त्यावेळचं कारण. वर्ष संपता संपता तिने मेजर, म्हणजे मुख्य विषयच, बदललं, आणि आम्ही सावरतोय तोवर पीएचडीला प्रवेशही घेतला. नवऱ्याने आपल्या परीने साथ द्यायची म्हणून ग्रीसच्या इतिहासाचं एक जाड पुस्तक आणलं. काही दिवस नेमाने वाचलं. मग म्हणाला की यात सगळ्यांची नावं सारखीच आहेत आणि सगळे एकमेकांचे भाचे-पुतणे आहेत. पुस्तक ठेवून दिलं. ते अजून प्रिंटरखाली आहे, प्रिंटरला बरोबर उंची येते.

खोटं घडलं ते एका दिवाळी पार्टीत. आमच्या ओळखीचं नागपूरचं एक जोडपं आहे, पलीकडच्या रस्त्यावर राहतं. भाऊजी बोलके, मोठ्या आवाजाचे, मनाने फार चांगले. त्यांनी नवऱ्याला गाठून विचारलं, "काय शिकून राहिली मग पोरगी?" नवऱ्याने तोंड उघडलं. ती शांतता येणार हे त्याला दिसलं असावं, कारण ती यायच्या आतच तो म्हणाला, "स्पोर्ट्स ॲनालिटिक्स."

खेळाडूंच्या आकडेवारीचा, चांगल्या पगाराचा विषय. शांतता आलीच नाही. उलट भाऊजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्यांची मुलगी अकरावीत होती, शाळेच्या ट्रॅक टीममध्ये धावायची, गणितात चांगली. तिला नेमकं याच विषयात जायचं आहे, असं भाऊजींचं म्हणणं होतं. तिचं स्वतःचं म्हणणं काय होतं ते त्या पार्टीत कोणी विचारलं नाही. ती तळघरात बाकीच्या मुलांबरोबर पिझ्झा खात होती.

घरी येताना मी गाडीत विषय काढला. नवरा म्हणाला, "यात खोटं काय आहे? स्पोर्ट्स आहे, ॲनालिसिसही आहे." मी म्हटलं, दोन्ही भाग वेगवेगळे तपासले तर पास होतात, एकत्र जोडले की सिस्टीम कोसळते. तो म्हणाला की तू ऑफिस घरी आणू नकोस.

त्यानंतर वर्षभर भाऊजींनी आमच्यावर जे प्रेम केलं त्याला तोड नाही. नागपूरहून आलेली संत्राबर्फी आधी आमच्याकडे यायची. नवऱ्याला ते बॅडमिंटनला स्वतः घेऊन जायचे आणि वाटेत प्रश्न विचारायचे. या क्षेत्रात पुढे संधी कशा आहेत, आधी कुठली प्रोग्रॅमिंग लँग्वेज शिकावी. नवरा जपून उत्तरं द्यायचा. "तिचं काम जरा मूलभूत स्वरूपाचं आहे," असं एकदा म्हणाल्याचं त्याने मला स्वतःच सांगितलं, आणि वर हेही सांगितलं की हे तर शंभर टक्के खरं आहे.

आमच्या मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं.

मग एका उन्हाळ्यात तिचा फोन आला. तिच्या डिपार्टमेंटने ग्रीक लोकांची शर्यतीची सुरुवातरेषा बनवली होती, जुन्या मैदानांच्या अवशेषांवरून, हुबेहूब. ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी ते लोकांना बोलावून शर्यती घेणार होते. कोणीही यावं, बघावं, हवं तर धावावं. तुम्ही दोघं याल का, असं तिने विचारलं. ती असं काही सहसा विचारत नाही. तिच्या विद्यापीठाला जायला आमच्या घरून दोन तास लागतात, आणि एवढ्या वर्षांत आम्ही तिथे फक्त सामान पोचवायला आणि सामान आणायला गेलो होतो. नवरा लगेच हो म्हणाला. फोन ठेवल्यावर बराच वेळ खुशीत होता.

ही खुशी बॅडमिंटन कोर्टापर्यंत टिकली. भाऊजींनी नेमकं त्याच शनिवारी आम्हाला जेवायला बोलावलं. नवऱ्याने सांगितलं की जमणार नाही, मुलीच्या विद्यापीठात कार्यक्रम आहे. कसला, असं त्यांनी विचारलं. नवरा म्हणाला, धावण्याच्या काही प्रयोगांचा. भाऊजींनी रॅकेट खाली ठेवली आणि सांगितलं की मग जेवण कॅन्सल, आपण सगळेच जाऊ, आमची व्हॅन मोठी आहे.

त्या शनिवारी सकाळी आम्ही पाचजण व्हॅनमधून निघालो. पुढे भाऊजी आणि नवरा, मागे मी, वहिनी आणि त्यांची मुलगी. दोन्ही बाजूंची झाडं लाल-पिवळी झाली होती, आणि वहिनी दर वळणावर त्यांचे फोटो काढत होत्या. भाऊजी आपल्या मुलीला आरशातून सांगत होते की आज नीट बघून घे, प्रश्न विचार, ताईशी ओळख वाढव, उन्हाळ्यात इंटर्नशिप मिळाली तर बघ. मुलीने इयरफोन न काढता 'ओके' म्हटलं. नवरा रस्त्याकडे बघत होता. गाडी तो चालवत नव्हता, तरीही.

वाटेत कॉफीसाठी थांबलो. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की आता तरी तिला फोन कर आणि काय ते सांगून ठेव. तो मान हलवून फोन घेऊन बाहेर गेला. काचेतून मला दिसत होता, फोन हातात धरून पार्किंगमधल्या गाड्या बघत उभा. परत आला तेव्हा मी विचारलं, लागला का? "लावला नाही," तो म्हणाला. "एवढ्या घाईत काय सांगणार?"

विद्यापीठाच्या जिमच्या मागे हिरवंगार मैदान होतं. त्याच्या एका टोकाला सिमेंटची एक लांब लादी जमिनीत बसवली होती आणि तिच्यावर दोन समांतर खाचा होत्या. त्यांत पायांची बोटं रोवून धावपटू उभे राहायचे. लादीच्या दोन्ही बाजूंना लाकडी खांब, आणि खांबांमध्ये धावणाऱ्यांच्या छातीपुढे आणि गुडघ्यापुढे आडव्या ताणलेल्या दोन दोऱ्या. मागून कोणीतरी खटका ओढला की दोऱ्या एकदम खाली पडायच्या आणि सगळ्यांना एकाच क्षणी वाट मोकळी व्हायची. विद्यार्थ्यांनी अख्खा उन्हाळा या दोरीच्या फाटकावर घालवला होता. तेच विद्यार्थी आता चादरींचे अंगरखे घालून फिरत होते, खाली जिमच्या चड्ड्या. खरे ग्रीक तर काहीच न घालता धावायचे, पण विद्यापीठाच्या विमा विभागाला ते पसंत पडलं नाही, असं नंतर कळलं.

मुलगी दिसली ती एका खुर्चीशेजारी, हातात एक लांब हिरवी छडी घेऊन. ती त्या दिवशी पंच होती, आणि ग्रीक पंच जांभळं वस्त्र पांघरायचे म्हणून तिनेही पांघरलं होतं. मी लांबूनच ओळखलं. ती माझी जांभळी इरकल साडी होती. मैत्रिणीच्या लग्नाला हवी म्हणून नेली होती. काठाला गवताचे डाग पडले होते.

ती धावत आली, आम्हाला भेटली, काका-काकूंना बघून तिला नवल वाटलं पण आनंदही झाला. एवढ्या लांब तिच्या कामासाठी आई-बाबांशिवाय दुसरं कोणी आलं नव्हतं. भाऊजींनी वेळ घालवला नाही. तिला विचारलं की यात तू सॉफ्टवेअर कुठलं वापरून राहिली?

ती जरा गोंधळली, आणि म्हणाली की फारसं नाही. मग डेटा कुठून येतो, असं त्यांनी विचारलं. हा प्रश्न तिला मनापासून आवडला. ती भराभरा सांगायला लागली, अर्धं मराठीत आणि बरंचसं इंग्रजीत, की तोच तर मोठा प्रॉब्लेम आहे. डेटा फार थोडा, जो आहे तो तुकड्यांत, आणि बराचसा ज्यांनी जिंकलं त्यांनीच नोंदवलेला. भाऊजी जोरजोरात मान हलवत होते. त्यांच्या ऑफिसातही हेच आहे, ते म्हणाले. सेल्सवाले फक्त जिंकलेल्या ऑर्डर्स नोंदवतात, हरलेल्या सांगतच नाहीत. ती म्हणाली, अगदी तसंच. दोघं एकमेकांवर इतके खूश होते की मला क्षणभर वाटलं, दिवस असाच निघून जाईल आणि कोणाला काही कळणार नाही. नवऱ्यालाही तसंच वाटत असावं. त्याने खांदे सैल सोडले होते.

मग भाऊजींनी विचारलं की सध्या कुठल्या टीमचा अभ्यास चालू आहे.

"टीम नाही, काका," ती म्हणाली. "ते सगळे एकेकटे धावायचे. आणि सगळे मेलेत. दोन-अडीच हजार वर्षं झाली."

भाऊजी हसले, मग थांबले. तिने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग वडिलांकडे पाहिलं.

"बाबा, तू यांना काय सांगितलंयस?"

नवऱ्याने खोटं आणखी ताणलं नाही, एवढं श्रेय मी त्याला देते. त्याने तो इंग्रजी शब्द जसाच्या तसा, हळू आवाजात उच्चारला. ज्या शांततेपासून तो वर्षभर पळत होता ती आता त्याच्यासमोर होती, आणि बघायला कोणाच्या हातात साधी प्लेटही नव्हती.

पहिल्यांदा बोलल्या त्या वहिनी. म्हणजे ही इतिहासात आहे का, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग बरं, त्या म्हणाल्या, ते दुसरं काय असतं ते त्यांना आजवर कळलंच नव्हतं. भाऊजी मात्र दुखावले होते, आणि ते इंटर्नशिपसाठी नव्हतं. "मला सांगितलं असतं तर मी काय हसलो असतो का रे?" एवढंच ते म्हणाले. तेवढ्यात पलीकडून कोणीतरी पंचांना हाक मारली, आणि आमची मुलगी साडी सावरत निघून गेली.

पुढची शर्यत मुलींची होती. ग्रीसमध्ये मुलींच्या शर्यती वेगळ्या व्हायच्या, अंतर थोडं कमी. आमची मुलगी खुर्चीवर उभी राहून लोकांना हे समजावून सांगत होती. आवाज स्थिर होता, आमच्याकडे बघत नव्हती. ऑलिंपियाच्या मोठ्या खेळांना लग्न झालेल्या बायकांना प्रेक्षक म्हणूनही बंदी होती, ती म्हणाली. एखादी सापडली तर तिला कड्यावरून ढकलायचा नियम होता. वहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या की म्हणजे आपल्याला घरी बसायची चांगली सोय होती.

त्यांच्या मुलीने बूट काढले, इयरफोन आईच्या हातात दिले आणि जाऊन लादीवर उभी राहिली. कोणी तिला जा म्हटलं नव्हतं. दोरी पडली, आणि चादरीतल्या सगळ्या जणी दोन पावलं टाकेपर्यंत ती पुढे निघून गेली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. तिला इतकं मोकळं मी कधी पाहिलं नव्हतं. मी तिला पाहिलं होतं ते बहुतेक व्हॅनच्या मागच्या सीटवर. भाऊजी एवढ्या जोराने ओरडले की पलीकडच्या टेनिस कोर्टावरचे लोक थांबले. त्यानंतर त्यांचा राग बराच उतरला होता.

मग ढालीची शर्यत पुकारली. ग्रीक लोक खेळांच्या शेवटी डोक्यावर शिरस्त्राण आणि हातात ढाल घेऊन धावायचे, सैनिकांसारखे. ही शर्यत प्रेक्षकांसाठी होती. ढाली प्लायवुडच्या, वजनदार. शिरस्त्राणं बहुधा कोणीतरी भांडी ठोकून केली असावीत. भाऊजींनी लगेच हात वर केला, एक ढाल उचलली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

दोघांनीही पन्नाशी ओलांडली आहे. नवऱ्याला रक्तदाबाची गोळी आहे, आणि त्या दिवशी तो मुलीच्या प्राध्यापकांना भेटायचं म्हणून इस्त्रीची पँट घालून आला होता. मी त्याला सांगितलं की नको. त्याने बूट-मोजे काढले, मोजे घडी करून बुटात ठेवले, आणि गेला.

धावणारे सातआठ जण होते. बाकीचे सगळे विद्यार्थी किंवा त्यांचे मित्र, आणि मध्ये हे दोघं. नवऱ्याने खाचेत बोटं रोवली. शिरस्त्राण त्याला मोठं होत होतं, त्यातून त्याला किती दिसत होतं कोण जाणे. ढाल पुढे आली की त्याचा तोल पुढे जायचा, तो मागे घ्यायचा, पुन्हा पुढे जायचा. मुलगी बाजूला छडी घेऊन उभी होती. खटका ओढणाऱ्या विद्यार्थ्याने हात वर केला. त्यानंतर काय झालं याबद्दल आमच्या घरात अजून दोन मतं आहेत. नवऱ्याचं म्हणणं की त्याने आवाज ऐकला. माझं म्हणणं की तो भाऊजींच्या शिंकण्याचा होता. काहीही असो, नवरा निघाला आणि दोऱ्या पडल्या नव्हत्या.

खालची दोरी त्याच्या गुडघ्यांत अडकली, वरची ढालीत. तो पडला नाही, कारण दोऱ्यांनी त्याला धरून ठेवलं होतं. पण त्याच्या वजनाने डावीकडचा खांब सावकाश वाकला, मग उजवीकडचा, आणि विद्यार्थ्यांचा अख्खा उन्हाळा गवतावर आडवा झाला.

त्याला कोणी हसलं नाही. सगळे फार सभ्यपणे धावत गेले, दोऱ्या सोडवल्या, लागलं तर नाही ना असं विचारलं. मग सगळ्यांनी पंचांकडे पाहिलं, कारण सकाळपासून तिनेच तो नियम प्रत्येक शर्यतीआधी वाचून दाखवला होता. जो इशाऱ्याआधी निघेल त्याला छडी. ग्रीसमध्ये स्वतंत्र नागरिकाला कोणी हात लावू शकत नसे, पण या रेषेवर तो आपण होऊन उभा राहिला म्हणजे हा नियम त्याने मान्य केला, असं तिने सांगितलं होतं. दिवसभरात कोणी चुकलं नव्हतं. छडी तोवर नुसती शोभेची होती.

ती जागेवरच उभी राहिली. तिच्या प्राध्यापक, पांढऱ्या केसांच्या एक बाई, पुढे येऊन हसत म्हणाल्या की पाहुण्यांना माफ करायला हरकत नाही. मुलगी हो म्हणणार होती, मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. नवऱ्याने शिरस्त्राण काढलं. कपाळावर त्याचा लाल वळ उमटला होता.

"नियम आहे ना?" तो तिला मराठीत म्हणाला. "मग कर."

तिने छडी नीट धरली. मग म्हणाली, "बाबा, पाठ कर इकडे."

त्याने पाठ केली. तिने छडी मारली. फार जोरात नाही, पण अगदी नुसती टेकवलीही नाही. आवाज झाला. वहिनींनी माझा हात घट्ट धरला. श्रूजबरीत ज्या मुलीला आम्ही कधी आवाज चढवून बोललो नाही, तिने माझी इरकल पांघरून, भर मैदानात, पाहुण्यांदेखत वडिलांना छडी मारली, आणि मला त्यात वावगं काही वाटलं नाही. याचं मला अजून आश्चर्य वाटतं. नवरा वळला, शिरस्त्राण पुन्हा घातलं, आणि खाचेत बोटं रोवून उभा राहिला.

शर्यत मग दोरीशिवाय, नुसत्या हाकेवर झाली. बहुतेक विद्यार्थी ढालींना दमून अर्ध्यातच चालायला लागले. काही जण आपसांत ढाली आपटत लढायला लागले, ते नियमात नव्हतं. पण ही दोन माणसं गंभीरपणे धावत होती. नवरा ओठ आवळून, भाऊजी तोंड उघडं टाकून. जवळजवळ शेवटपर्यंत बरोबर होते. मग भाऊजींनी ढाल डोक्यावर घेतली, जे आजवर कुठल्या ग्रीकाला सुचलं असेल असं वाटत नाही, आणि पुढे निघून गेले.

त्यांना पानांचा मुकुट मिळाला. तो खरं तर ऑलिव्हच्या फांदीचा हवा, पण मॅसॅच्युसेट्समध्ये ऑलिव्ह कुठून आणणार, म्हणून कुंडीतल्या तमालपत्राच्या जातीच्या झाडाचा केला होता. नवरा दुसरा आला होता. दुसऱ्याला काय, असं मी विचारलं. मुलगी म्हणाली की काही नाही, ऑलिंपियात दुसरा नंबर नसायचाच. एक जिंकायचा, बाकीचे घरी जायचे.

जेवायला आम्ही एका मेपलखाली बसलो. वहिनींनी बरोबर पराठे आणले होते, विद्यार्थ्यांनी ते संपवले. नवरा आणि मुलगी जरा बाजूला बसले होते, पण मला ऐकू येत होतं. तिने विचारलं की का. त्याने खरं ते सांगितलं. लोक गप्प होतात, आणि ते गप्प झाले की त्याला वाटतं ते तिची कीव करताहेत, आणि ते त्याला बघवत नाही.

ती थोडा वेळ पराठा कुरतडत राहिली. मग तिने सांगितलं की तीही आपल्या मित्रांना सांगते, माझे वडील स्टोरेजमध्ये आहेत. नवरा डेटा स्टोरेजच्या कंपनीत सिस्टीम आर्किटेक्ट आहे. त्या सगळ्यांना वाटतं, तो गोदाम सांभाळतो. लोकांचं जास्तीचं सामान भाड्याने ठेवणारी नारिंगी दारांची गोदामं हमरस्त्याला दिसतात ना, तसलं.

"आणि तू दुरुस्त करत नाहीस?" त्याने विचारलं.

"पहिल्यांदा केलं होतं," ती म्हणाली. "मग ते गप्प झाले."

तो हसला. खांदे हलेपर्यंत हसला, मग पाठ दुखली म्हणून थांबला. तिने पाहिलं, जरा घाबरून, आणि विचारलं की खरंच लागलं का. तो म्हणाला की नाही, ते पराठ्याचं तेल आहे. याचा काय अर्थ होतो ते तिलाही कळलं नाही आणि मलाही. पण ती त्याच्या शेजारी जरा सरकून बसली.

परतीच्या वाटेवर भाऊजींनी मुकुट डोक्यावरून काढला नाही. पुढच्या पॉटलकपर्यंत सगळ्या श्रूजबरीला शर्यतीची हकिगत कळली होती, आणि प्रत्येक वेळी सांगताना मैदान लांब होत गेलं, प्रतिस्पर्धी तरुण होत गेले. ग्रीकांचे नियम, पंच, ढाली, सगळं ते असं समजावून सांगतात की लोक माना डोलावतात. आमची मुलगी काय करते हे आता आम्हाला कोणी विचारत नाही. भाऊजींनी सगळ्यांना आधीच सांगितलेलं असतं, आमच्यापेक्षा बरंच चांगलं. छडीचा भाग मात्र ते गाळतात. नवऱ्याने तो स्वतःच एकदा सांगितला, सगळ्यांसमोर, तेव्हा ते जरा नाराज झाले होते. वहिनींनी मुकुटाची पानं एक-एक करून मसालेभातात वापरली. वास आपल्यासारखा येत नाही, म्हणाल्या. त्यांची मुलगी त्यानंतरच्या उन्हाळ्यात खरोखरच विद्यापीठात मदतीला गेली आणि तिने नवीन खांब रोवले. पुढे काय शिकायचं ते तिने अजून ठरवलेलं नाही. भाऊजींनी विचारणं सोडलं आहे, निदान आमच्यासमोर.

साडी ड्रायक्लीनरकडून आली, डाग गेले नाहीत. मुलगी म्हणाली की मग ती तिलाच राहू दे, पंचांचं वस्त्र म्हणून. मी दिली.

पुढच्या ऑक्टोबरला आम्ही दोघंच गेलो. भाऊजींच्या ऑफिसात काहीतरी निघालं होतं. नवऱ्याने वर्षभर घरामागे दोन फरशा मांडून त्यांवर उभं राहायचा सराव केला होता. शेजाऱ्यांची समजूत तो योगासनं करतो अशी. दोरीचं फाटक पुन्हा उभं केलं होतं, जास्त भक्कम. त्याने ढाल घेतली, बोटं रोवली, मान वळवून एकदा मुलीकडे पाहिलं. या वेळी चूक होऊ द्यायची नाही असा त्याचा निश्चय होता.

खटका वाजला, दोऱ्या पडल्या, सगळे धावले. हा उभाच. दोऱ्या खरंच पडल्या ना, याची खात्री करून घेत होता. मुलगी त्याला म्हणाली, "बाबा, जा ना," तेव्हा तो निघाला, आणि सगळ्यात शेवटी पोचला. प्राध्यापक बाईंनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. तो धापा टाकत माझ्याकडे आला, ढाल खाली ठेवली, आणि आता निघाल्यावर वाटेत कुठे चांगला चहा मिळेल का, असं विचारायला लागला.